बोटीच्या टू-स्ट्रोक मोटारीचे तेल : कोणते आणि किती?

सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण बोटीची मोटार आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयात तापोळा आणि बामणोलीहून मोटारबोटी चालतात. वासोट्याला जाणारे लोक बामणोलीहून पाण्यावरून तास-दीड तासाचा प्रवास करून गडाच्या पायथ्याशी उतरतात. सांगली जिल्ह्यात कृष्णा आणि वारणेच्या काठच्या गावांना २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी बोटीची गरज शिकवली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गल्लीबोळांतून माणसे काढायला बोटीच कामी आल्या.

या मोटारी बिघडल्या की दुरुस्तीला येतात त्या आपल्याच भागातील गॅरेजमध्ये. कराड, मिरज, सांगली, सातारा येथील आपल्या कित्येक कारागीर बांधवांचा हात जुनी चेतक, राजदूत, येझदी आणि टू-स्ट्रोक रिक्षा यांवर बसलेला आहे. टू-स्ट्रोक इंजिन त्यांना नवे नाही. परंतु रस्त्यावरच्या गाडीची सवय पाण्यावरच्या मोटारीला जशीच्या तशी लावली, तर नुकसान होते. रस्त्यात रिक्षा बंद पडली तर ढकलता येते. पुराच्या धारेत मोटार बंद पडली तर बोट धारेबरोबर जाते, आणि तिच्यात माणसे असतात. म्हणून तेलाचा हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

तेल जाते कुठे?

चार-स्ट्रोक इंजिनात तेल खालच्या चेंबरमध्ये साठवलेले असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा नसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हवेबरोबर आधी क्रँकच्या पोटात शिरते, तेथे क्रँक व कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगांना आणि पिस्टनला ओलावा देते, मग पेट्रोलबरोबर वर जाऊन जळते. म्हणजे प्रत्येक क्षणी नवे तेल येते आणि जुने जळून जाते. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, तेल कमी पडले तर मागे राखीव काही नाही. दुसरी, जे तेल घालाल ते जळणारच आहे, तेव्हा जळाल्यावर ते मागे काय ठेवते हेही पाहिले पाहिजे.

रिक्षाचे तेल बोटीला का चालत नाही?

स्कूटर आणि रिक्षाचे इंजिन हवेने थंड होते. ते बरेच तापते. म्हणून त्याच्या तेलात कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगे घातलेली असतात. ती तापलेल्या पिस्टनवर काजळी धरू देत नाहीत, पण जळाल्यावर थोडी राख ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीत वेग सतत कमी-जास्त होतो, त्यामुळे ती राख फारशी त्रास देत नाही.

बोटीची मोटार नदीचे पाणी पंपाने ओढून थंड होते. तिचा सिलिंडर त्यामानाने गार राहतो. मात्र तिच्यावरचा भार कमी होत नाही. खंबाटकीचा घाट संपतच नाही आणि गाडी तासभर चढतेच आहे असे समजा, म्हणजे बोटीच्या मोटारीचे काम ध्यानात येईल. अशा सततच्या भारात धातूची राख पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर साचते आणि निखाऱ्यासारखी लाल होते. प्लगची ठिणगी पडण्यापूर्वीच ती मिश्रण पेटवते. परिणामी पिस्टनला भोक पडते.

यासाठी बोटीच्या मोटारीचे तेल वेगळे बनवतात. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ ही खूण पाहावी. टीसी म्हणजे टू-सायकल, डब्ल्यू म्हणजे पाण्याने थंड होणारे. अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या संस्थेने ठरवलेली ही कसोटी आहे. या तेलात राख ठेवणारी धातूची संयुगे नसतात. रिंगा चिकटू नयेत आणि आतल्या बेरिंगांना गंज चढू नये याचीही त्यात सोय केलेली असते. रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक तेलावर ‘जासो एफबी’, ‘एफसी’, ‘एफडी’ किंवा ‘एपीआय टीसी’ अशा खुणा असतात. ‘एपीआय टीसी’ आणि ‘टीसी-डब्ल्यू ३’ यांत अक्षरे सारखी असली तरी तेल एक नव्हे. दुकानात घोटाळा होतो तो बहुधा इथेच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बोटीचे तेल महाग, म्हणजे चांगले, असे समजून ते रिक्षात घालणेही चूक आहे. हवेने थंड होणाऱ्या तापट इंजिनासाठी ते बनवलेले नाही. चार-स्ट्रोकचे इंजिन ऑइल, मग ते कितीही नामांकित असो, पेट्रोलमध्ये मिसळू नये. तेलाच्या रंगावरूनही काही ठरवू नये. निळा, हिरवा वा लाल रंग मिश्रण ओळखू यावे म्हणून घालतात, त्यावरून प्रत कळत नाही.

प्रमाण किती?

पहिला नियम असा की, मोटारीबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत किंवा मोटारीवरच्या पट्टीवर जे प्रमाण लिहिले असेल तेच खरे. सध्या वापरात असलेल्या बहुतेक टू-स्ट्रोक बोट-मोटारींना ५०:१ हे प्रमाण चालते, म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल. काही मॉडेलना कारखान्यानेच १००:१ सांगितलेले असते, तर फार जुन्या मोटारींना २५:१ च्या आसपास लागते. नवी मोटार, तसेच बोअर करून नवा पिस्टन टाकलेली मोटार सुरुवातीला दुप्पट तेलावर चालवतात. पुष्कळ कंपन्या पहिल्या १० तासांसाठी २५:१ सांगतात.

हिशोब सोपा आहे. जेवढे लिटर पेट्रोल, त्याला १००० ने गुणावे आणि प्रमाणाच्या आकड्याने भागावे. उत्तर तेलाच्या मिलिलिटरमध्ये येते.

२५:१ साठी लिटरला ४० मिलि. १० लिटरला ४०० मिलि.
५०:१ साठी लिटरला २० मिलि. १० लिटरला २०० मिलि. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलि.
१००:१ साठी लिटरला १० मिलि. १० लिटरला १०० मिलि.

चूक होते ती टाकी अर्धवट असताना. समजा, २४ लिटरच्या टाकीत ५०:१ चे १० लिटर मिश्रण शिल्लक आहे. त्यात २०० मिलि तेल आधीच आहे. आपण १४ लिटर पेट्रोल घातले, तर त्यापुरतेच २८० मिलि तेल हवे. ‘टाकीला ४८०’ हे पाठ असल्याने कोणी ४८० मिलि ओतले, तर एकूण तेल ६८० मिलि होते आणि प्रमाण ३५:१ वर येते. नव्या पेट्रोलचाच हिशोब करावा, टाकीचा नव्हे.

‘थोडे जास्त असले तर बरे’

गॅरेजमध्ये हे वाक्य वारंवार ऐकू येते. इंजिनाला तेल कमी पडू नये ही त्यामागची भावना चांगली आहे. पण तेल जास्त झाले की धूर वाढतो, प्लग ओला होऊन ठिणगी मारत नाही, एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी धरते आणि रिंगा खाचेत चिकटतात. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून ठराविकच मिश्रण जाते. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, आणि दाट मिश्रण जेटमधून सावकाश जाते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की इंजिन जास्त तापते. म्हणजे थंडाव्यासाठी घातलेले जादा तेल उलटे काम करते. तेल कमी पडण्याचा परिणाम तर प्रत्येक कारागीर जाणतो. पिस्टन धरतो आणि सिलिंडरवर रेघा ओढल्या जातात.

प्लग काढून पाहिल्यास बरेच कळते. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर काम ठीक चालले आहे. काळा आणि तेलकट असेल तर तेल जास्त, किंवा मोटार फार वेळ मंद चालवली आहे. पांढरा आणि फोड आल्यासारखा असेल तर मोटार ताबडतोब थांबवून पेट्रोल कमी पडते आहे का, थंड पाण्याची धार बरोबर येते का, हे तपासावे.

मिसळण्याची रीत

मिश्रण बोटीत करू नये. टाकी किंवा डबा जमिनीवर ठेवून, विडी-सिगारेट आणि ठिणगीपासून दूर करावे. आधी निम्मे पेट्रोल घ्यावे, मोजलेले सर्व तेल त्यात घालून डबा चांगला हलवावा, मग उरलेले पेट्रोल गाळणीच्या नरसाळ्यातून ओतावे. तेल मोजायला खुणा असलेले माप ठेवावे. बाटलीच्या झाकणाचा अंदाज येथे चालणार नाही, कारण झाकणे सारखी नसतात.

मात्र त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. मोटार चार-स्ट्रोक तर नाही ना? तसे असल्यास पेट्रोलमध्ये तेल अजिबात मिसळायचे नाही. आणि टू-स्ट्रोक असली तरी तिला तेलाची वेगळी टाकी आहे का? काही मोटारी तेल स्वतःच ओढून घेतात. त्यांच्या टाकीत साधे पेट्रोल जाते. नवेपणीचे दहा तास त्यांनाही मिश्रण लागू शकते, ते पुस्तिकेत पाहावे.

उसाच्या पट्ट्यातला नवा प्रश्न

पूर्वी नसलेली एक अडचण आता आली आहे. आपल्याच भागातील साखर कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. बोट-मोटारींच्या बहुतेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. टाकीची नळी तळातून ओढते. म्हणजे माप अचूक घेऊनही मोटारीला बिनतेलाचे पाणी मिळते.

पुरासाठी ठेवलेल्या मोटारीला याचा सर्वांत मोठा धोका आहे. ती वर्षभर उभी असते आणि ऑगस्टच्या एका रात्री अचानक बाहेर काढली जाते. म्हणून तिच्या टाकीत गेल्या वर्षीचे मिश्रण ठेवू नये. जूनमध्ये ताजे मिश्रण भरावे, लागेल तेवढेच करावे आणि पावसाळा संपला की टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. काचेच्या बाटलीत थोडे मिश्रण घेऊन उजेडात धरावे. दोन थर दिसले तर ते वापरू नये. रबरी नळी आणि हाताने दाबायचा फुगा नरम पडला वा तडकला असेल तर बदलावा. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवून घेतल्यास उत्तम. महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात मोटार चालवून पाहावी. कोरडी मात्र कधीही चालवू नये, कारण पाण्याच्या पंपातील रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो.

दुकानदार आणि कारागिरांसाठी

तेल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला ‘कोणत्या गाडीसाठी?’ हा प्रश्न विचारावा आणि बोटीचे तेल वेगळ्या फळीवर ठेवावे. सुटे तेल देऊ नये. सीलबंद डबाच द्यावा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात कोणी भलते तेल भरणार नाही. कारागिराने मोटार परत देताना मिश्रणाच्या डब्यावर तेलाची जात, प्रमाण आणि मिसळल्याची तारीख ठळक लिहून द्यावी. पुराच्या रात्री तो डबा उचलणारा माणूस दुसराच असतो, आणि त्याला विचारायला आपण तेथे नसतो.