चंदेरी फुगा संकटात कितपत उपयोगी?

येरवड्यातल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे: ‘वाढदिवसाला आणलेले चंदेरी फुगे पावसाळ्यात आणीबाणीच्या पिशवीत ठेवले, तर थंडीपासून बचावाला आणि मदत मागायला कामी येतील का?’

प्रश्न वेळेवर आला आहे. २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, तेव्हा येरवड्यातही नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं होतं. अशा वेळी घराबाहेर पडलेली माणसं तासन्‌तास ओल्या कपड्यांत बसून राहतात. ऑगस्ट २०२३मध्ये हरिश्चंद्रगडावर पुण्याचा एक गट पावसात, धुक्यात वाट चुकला आणि त्यातला एकजण थंडीने दगावला. थंडी बाधायला हिमालयात जावं लागत नाही. भिजलेलं अंग आणि वारा एवढं पुरतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की धोका सुरू झाला असं आम्ही डॉक्टर मानतो.

चंदेरी फुगा म्हणजे नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ पडदा आणि त्यावर अॅल्युमिनियमचा अत्यंत बारीक थर. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ मोहिमांसाठी याच जातीचे पडदे वापरात आले आणि पुढे त्यांचीच आणीबाणीची ब्लँकेट झाली. हा पडदा अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत अंगाकडे वळवतो, वारा अडवतो आणि ओलावा उडून जाताना होणारा गारवा कमी करतो. पण ओल्या जमिनीवर बसलात, तर जमीन अंगातली ऊब शोषून घेते. ते हा पडदा थांबवू शकत नाही. शिवाय तो स्वतः ऊब निर्माण करत नाही, असलेली टिकवतो. म्हणून तो कुडकुडायला लागल्याबरोबर वापरायचा, अंग गार पडल्यावर नव्हे.

क्रम असा ठेवा:

१. आडोशाला जा. कोरडे कपडे असतील तर ओले काढा. नसतील तर निदान पिळून घाला.

२. बसायला खाली पोतं, पुठ्ठा, दोर किंवा सॅक ठेवा.

३. कोरड्या कपड्यावर छाती, पाठ आणि पोट पडद्याने गुंडाळा. डोकं टोपीने किंवा ओढणीने झाका. तोंड आणि नाक उघडंच राहू द्या. लहान मुलांच्या बाबतीत हे डोळ्यांत तेल घालून पाहा.

४. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल, तर कोमट गोड चहा द्या. ब्रँडीचा घोट मुळीच नको. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब आणखी निसटते. हातपाय चोळू नका, शेकोटीला अगदी खेटून बसवू नका. हा पडदा विस्तवाजवळ वितळतो.

कुडकुडणं अचानक थांबलं, बोलणं अडखळू लागलं किंवा झोपाळूपणा आला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. हीच गंभीर लक्षणं आहेत. अशा माणसाला चालवू नका, हळुवार आडवं करा आणि १०८ला फोन लावा.

आता आकाराचं. १८ इंची फुगा कापला तर जेमतेम दीड फुटाचे दोन गोल तुकडे निघतात. त्यात बाळाची छाती झाकेल, मोठ्या माणसाची नाही. आणीबाणीचं ब्लँकेट सुमारे चार फूट रुंद, सात फूट लांब असतं आणि घडी खिशात मावते. ते विकत घ्या. फुगा फारतर जोडीला ठेवा.

आता मदत मागण्याचं. उन्हाचा झोत टाकून इशारा द्यायला पडदा पुठ्ठ्यावर आरशासारखा ताणून चिकटवा. सुरकुत्या असतील तर झोत विखुरतो. हा आरसा उन्हातच चालतो, धुक्यात त्याचा उपयोग नाही. तिथे शिट्टी हवी: मिनिटात सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा वेळा. रात्री टॉर्चही याच पद्धतीने लावा. लोहगावचा विमानतळ जवळ आहे, म्हणून गंमत म्हणून विमानाकडे झोत टाकायला मुलांना देऊ नका.

गॅस भरून फुगा आकाशात सोडावा, हा विचार मनातून काढून टाका. चंदेरी पडद्यातून वीज वाहते. तारांना लागला तर ठिणग्या उडतात. शिवाय रस्त्यावरच्या फुगेवाल्याकडे अनेकदा पेट घेणारा हायड्रोजन असतो. ऑक्टोबर २०२३मध्ये लातूरला फुग्याच्या गॅसच्या टाकीचा स्फोट होऊन फुगेवाला मरण पावला आणि मुलं जखमी झाली.

पाऊस सुरू होण्याआधी घरातल्या प्रत्येकासाठी एक ब्लँकेट, एक शिट्टी, एक टॉर्च आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा जोड तयार ठेवा. संकटात ११२ लावा. आणि धरणातून पाणी सोडल्याची सूचना आली, की पाणी दारात येण्याची वाट न पाहता घर सोडा.