मटण नेमके कशाने बिघडते?

संगमनेरी शेळीमुळे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचे नाव देशभर माहीत आहे. पण मटणाचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांची एक तक्रार नेहमीची. सकाळचा माल संध्याकाळी चिकट होतो, वास मारतो, गिऱ्हाईक तोंड फिरवते. दोष जनावराला किंवा उन्हाळ्याला दिला जातो. खरे काम असते जंतूंचे. आणि जंतू एकाच जातीचे नसल्याने उपायही एक नसतो.

जंतू ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना आगरच्या बशीवर पसरतात. समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या साध्या आगरवर सगळेच वाढतात. निवडक माध्यमात मात्र अशी द्रव्ये घालतात की नको ते जंतू दबतात आणि हवे तेच वर येतात.

१) सीएफसी : २५ अंशांवर ४८ तासांत यावर स्युडोमोनास वाढतात. हे जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतात आणि बुळबुळीत थर धरतात. ते जास्त निघाले तर ओला ओंडका, सुरे, फडकी आणि फ्रिजमधला ओलावा तपासा.

२) व्हीआरबीजी : जांभळट-लाल ठिपके आले तर आतड्यातील जंतूंच्या कुळाचा संशय घ्यावा. सोलताना आतडे फाटले का, हात आणि पाणी स्वच्छ होते का, ते पाहा.

३) एसटीएए व एमआरएस : पहिल्यावर ब्रोकोथ्रिक्स, दुसऱ्यावर लॅक्टिक आम्ल करणारे जंतू दिसतात. पाकीटबंद माल विकणाऱ्यांनी यांकडे लक्ष द्यावे. एसटीएएवर कधी स्युडोमोनासही उगवतात, म्हणून ऑक्सिडेज चाचणीने खात्री करतात.

एसटीएएमध्ये थॅलियमचा विषारी क्षार असतो. तेव्हा हे काम दुकानात नव्हे, प्रयोगशाळेतच करून घ्यावे. मांस, ओंडका, सुरा आणि फ्रिज यांचे नमुने वेगवेगळे द्यावेत. तरच खोट कोठे आहे ते कळते.

निकाल यायला दोन दिवस किंवा जास्त लागतात, तोवर माल विकून संपतो. म्हणून ही तपासणी माल पास करण्यासाठी नाही, दुकान सुधारण्यासाठी आहे. दर चौरस सेंटिमीटरला जंतू सुमारे १ कोटीवर गेले की वास येऊ लागतो. नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय वास नाही म्हणजे माल निर्धोक, असेही नाही. साल्मोनेलासारखे रोगजंतू वासाशिवायही असू शकतात.

ओंडका रोज खरवडून, धुऊन, वाळवावा. माल ४ अंशांच्या आत ठेवावा. दोन किलो मटण फेकण्यापेक्षा हा खर्च आम्हाला तरी स्वस्त वाटतो.