इलेक्ट्रिक गाडी धंद्याला परवडते का? आधी किलोमीटर मोजा, मग बुकिंग करा



डिलिव्हरी चार्ज कसा ठरवायचा, हा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "ताई, तुमची गाडी इलेक्ट्रिक आहे ना? मीपण घेऊ का?"

त्यातला एक मेसेज माझ्या डोक्यातून गेला नाही. घरून केक करून विकणारी एक ताई. शोरूममध्ये तिला सांगितलं होतं, "मॅडम, किलोमीटरला एक रुपया खर्च. पेट्रोलच्या बचतीतूनच हप्ता निघतो." दुसऱ्या दिवशी ती बुकिंगचे पैसे भरायला जाणार होती. तिने मला एवढंच विचारलं, "खरंच निघतो का हप्ता?"

मी तिला उलट प्रश्न केला, "तुझी गाडी दिवसाला किती किलोमीटर पळते?" तिला सांगता आलं नाही. आजचा धडा इथूनच सुरू होतो.

पायरी १: किलोमीटरचा खरा खर्च

माझं साताऱ्यात पॅकेजिंगच्या सामानाचं दुकान आहे. बॉक्स, केकचे बेस, पिशव्या, टेप. गावात डिलिव्हरी आणि माल बघायला-आणायला पुण्याच्या फेऱ्या. दोन वर्षांपासून एक छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक वापरतेय आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवलीय. खालचे आकडे सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुम्ही तुमच्या गावचे दर घाला.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बॅटरी किलोवॅट-तासात मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजे लाइट बिलावरचं एक युनिट. २४ किलोवॅट-तासाची बॅटरी म्हणजे २४ युनिटची टाकी. पण मीटरवर २४ च पडत नाहीत, चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते. म्हणून हिशोब गाडीच्या स्क्रीनवरून करू नका, मीटरवरून करा. माल, एसी आणि चढ धरून मीटरच्या एका युनिटमागे मी ६.५ किलोमीटर धरते.

- पेट्रोल: १०५ रुपये लिटर, अॅव्हरेज १५. किलोमीटरला ७ रुपये.
- सीएनजी: ८८ रुपये किलो, अॅव्हरेज २२. किलोमीटरला ४ रुपये.
- इलेक्ट्रिक, घरी चार्ज: १३ रुपये युनिट. किलोमीटरला २ रुपये.
- इलेक्ट्रिक, बाहेरच्या फास्ट चार्जरवर: जीएसटी धरून २४ रुपये युनिट. किलोमीटरला सुमारे ३.७० रुपये.

शेवटच्या ओळीवर थांबा. बाहेरच चार्ज करणार असाल, तर इलेक्ट्रिक गाडी जवळजवळ सीएनजीच्याच भावात पडते. म्हणजे पहिला प्रश्न "कुठली गाडी घेऊ" हा नाहीच. "रात्री माझी गाडी कुठे उभी राहते आणि तिथे माझ्या मीटरची वीज आहे का" हा आहे. याचं उत्तर "नाही" असेल, तर पुढचं वाचून ठेवा, पण बुकिंग करू नका.

पायरी २: हप्ता निघतो का?

ब्रेक-इव्हन मी बीबीएला परीक्षेपुरतं शिकले. ते खरं कळलं ते बँकेसमोर बसल्यावर.

समजा तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर येईपर्यंत ३ लाखांनी महाग पडते. हे जास्तीचे ३ लाख कर्जाने घेतले, १० टक्के व्याज, ५ वर्षं. फक्त या जास्तीच्या रकमेचा हप्ता येतो महिना सुमारे ६,३७५ रुपये.

आता बचत. ८० टक्के चार्जिंग घरी आणि २० टक्के बाहेर धरलं, तर सरासरी खर्च किलोमीटरला २.३४ रुपये. पेट्रोलच्या ७ मधून वजा करा. किलोमीटरमागे ४.६६ रुपये वाचले.

६,३७५ भागिले ४.६६ म्हणजे सुमारे १,३७० किलोमीटर. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर दिवसाला ५५ किलोमीटर.

यापेक्षा कमी पळणाऱ्या गाडीचा जास्तीचा हप्ता इंधनाच्या बचतीतून निघत नाही. कर्ज फिटेपर्यंत तो तुमच्या खिशातून, म्हणजे धंद्याच्या नफ्यातून जातो. दिवसाला ५० किलोमीटर असतील तर महिन्याला साडेपाचशेची तूट, ती सर्व्हिसिंगच्या बचतीतून भरून निघू शकते. २० असतील तर चार हजारांची तूट, ती कशातूनच भरून निघत नाही.

आणि तुमच्याकडे आज सीएनजी गाडी असेल, तर किलोमीटरमागे जेमतेम १.६६ रुपये वाचतात. अशांनी चालती गाडी विकून इलेक्ट्रिक घेण्याची घाई मुळीच करू नये.

पायरी ३: लाइट बिलाचा सापळा

हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. महावितरणचं घरगुती बिल स्लॅबमध्ये असतं: १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. प्रत्येक स्लॅबचा दर चढता. तुमच्या घराचं बिल आज १८० युनिट येतं. गाडीचे १५५ युनिट मिळवले की झाले ३३५. म्हणजे शेवटचे ३५ युनिट वरच्या स्लॅबच्या दराने लागले. घराचा वापर आधीच २८० असेल, तर गाडीची जवळजवळ सगळी वीज महागड्या दराने पडते. म्हणून गाडीचा खर्च काढताना बिलाचा सरासरी दर घेऊ नका. गाडी येण्याआधीचं बिल आणि आल्यानंतरचं बिल, यातला फरक घ्या.

यावर दोन उपाय आहेत. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे, त्यात स्वतंत्र मीटर घेता येतो. आणि स्वतःचं छत असेल तर सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती सोलरला ७८,००० रुपये अनुदान आहे.

दुकानाच्या मीटरवर चार्ज करायचा विचार असेल तर आधी तिथला व्यापारी दर बघा. मी पहिले दोन महिने सोय म्हणून दुकानातच लावायचे. बिल आलं आणि सोय संपली.

वायरिंगला काटकसर नको. घरातल्या जुन्या पॉइंटला एक्स्टेंशन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण. मीटरपासून थेट वेगळी वायर, १६ अँपिअरचा चांगला सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, आणि तपासून घेतलेलं अर्थिंग, एवढं हवंच. मंजूर लोडही बघा, कारण असा चार्जर रात्रभर सुमारे ३ किलोवॅट ओढतो. २४ युनिटची बॅटरी रिकामी असेल तर भरायला आठ-नऊ तास लागतात. रात्री लावा, सकाळी काढा.

पायरी ४: भरवशाचं काय?

आता माझी चूक सांगते, कारण त्यात पैसे गेले.

कंपनी जी रेंज छापते ती चाचणीतली असते. सातारा ते पुणे जाऊन-येऊन माझे सव्वादोनशेच्या पुढे किलोमीटर होतात. येताना माल भरलेला आणि समोर खंबाटकीचा चढ. घाट उतरताना थोडी वीज बॅटरीत परत येते, पण चढताना गेली तेवढी नाही. म्हणून येताना वाटेत एकदा चार्ज करावंच लागतं.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. मोदक करणाऱ्या एका जुन्या ग्राहकाला संध्याकाळी सहापर्यंत बॉक्स हवे होते. मी नेहमीच्या चार्जरवर पोचले तर दोनपैकी एक गन बंद. दुसऱ्यावर एक गाडी लागलेली, मागे आणखी एक उभी. अॅपवर मात्र दोन्ही चालू दिसत होत्या. बॅटरी १४ टक्के. दुसऱ्या चार्जरपर्यंत जायची हिंमत झाली नाही. साताऱ्यात पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. त्यांनी तोवर दुसरीकडून बॉक्स घेतले होते. ती ऑर्डर गेलीच, पण पुढच्या दिवाळीलाही त्यांचा फोन आला नाही.

गाडीत काही बिघाड नव्हता. बिघाड माझ्या नियोजनात होता. तेव्हापासून माझे तीन नियम आहेत:

१. बॅटरी ३० टक्क्यांवर असतानाच चार्जर गाठायचा, म्हणजे तो बंद निघाला तरी पुढचा गाठता येतो.
२. तारखेचा माल आदल्या दिवशी आणायचा, नाहीतर टेम्पोने मागवायचा.
३. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांना निघायचं. त्यापुढे वेग मंदावतो, आपला वेळ जातो आणि मागचा माणूसही ताटकळतो.

दुसरा अनुभव. एका सकाळी गाडी सुरूच होईना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, पण स्क्रीन काळी. कारण निघालं साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. हो, ती इलेक्ट्रिक गाडीतही असते आणि ती बसली की गाडी जागची हलत नाही. तिची तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगला सांगून करून घ्या.

बाकी देखभाल खरंच कमी आहे. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही. ब्रेक पॅड जास्त टिकतात. पण टायर, सस्पेन्शन, कूलंट, ब्रेक ऑइल हा खर्च आहेच. आणि पार्टचा प्रश्न आहे. माझा एक सुटा भाग यायला अकरा दिवस लागले. पेट्रोल गाडी कोपऱ्यावरचा मिस्त्रीही चालू करून देतो, हिला सर्व्हिस सेंटरच लागतं. ते तुमच्या गावापासून किती लांब आहे, हे बुकिंगच्या आधी बघा.

मोठ्या बॅटरीला बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. पण कार्ड वाचा. धंद्यासाठी वापर असेल तर अटी बदलतात का आणि गाडी विकली तर पुढच्या मालकाला वॉरंटी मिळते का, हे लेखी विचारा.

पायरी ५: कागदावरचे फायदे-तोटे

- इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. पण प्रवासी कार असेल तर त्याचं इनपुट क्रेडिट साधारणपणे मिळत नाही. मालवाहू गाडी असेल तर मिळतं.
- आयकरात साध्या कारला घसारा १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४० टक्के. पण तुम्ही ४४एडीखाली अंदाजे नफा दाखवत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. तुमच्या सीएंना विचारा.
- थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे. मात्र गाडीची किंमत जास्त असल्याने विम्याचा दुसरा भाग महाग पडू शकतो.
- महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. तुमचा रोजचा रस्ता या तिघांत नसेल, तर तिच्या भरवशावर हिशोब मांडू नका.
- हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे व्यावसायिक. खासगी पाटीवर दुसऱ्याचा माल भाड्याने नेऊ नका. अपघात झाला तर क्लेम अडकतो.

आजचा गृहपाठ

पंधरा दिवस एक वही गाडीत ठेवा. रोज चार गोष्टी लिहा: सकाळचं रीडिंग, रात्रीचं रीडिंग, सर्वात लांबची फेरी आणि रात्री गाडी कुठे उभी होती. पंधराव्या दिवशी सरासरी काढा. ५५ च्या वर, घरी चार्जिंग आणि लांबची फेरी क्वचित, असं असेल तर खुशाल पुढे जा. यातलं एकही बसत नसेल तर थांबा.

त्या केकवाल्या ताईने बुकिंग एका आठवड्याने पुढे ढकललं आणि वही सुरू केली. तिची सरासरी आली २२ किलोमीटर. गाडी घेतली नाही. पण वहीमुळे तिला दुसरंच काहीतरी दिसलं: अर्ध्या फेऱ्या एकेका केकसाठी होत्या आणि डिलिव्हरी चार्ज तिने कधी लावलाच नव्हता! आता ती दिवसाच्या दोन वेळा ठरवून डिलिव्हरी करते आणि पाच किलोमीटरपुढे पैसे घेते.

वही भरून झाली की तुमची सरासरी कमेंटमध्ये लिहा. त्यातल्या तीन जणांचा हिशोब पुढच्या व्हिडिओत मांडूया.