जुन्या मिलिंग मशीनच्या स्लाइडमधील ढिलाई

लहान कारखान्यात मिलिंग मशीन बहुधा जुनेच घेतले जाते. काही दिवसांत टेबल हलू लागते, कटर थरथरतो, जॉबवर लाटा उमटतात आणि माप चुकल्याने माल परत येतो. मग कारागीर पाना घेऊन जिबचा स्क्रू आवळतो. आमच्या मते पुढचे नुकसान येथूनच सुरू होते.

आधी दोष कोठे आहे ते ओळखावे. हँडल उलट फिरवताना थोडे रिकामे फिरत असेल तर तो लीड स्क्रू व नटचा बॅकलॅश होय. जिब कितीही आवळा, तो जाणार नाही. स्लाइडचा प्ले वेगळा. डायलचा मॅग्नेट स्टँड सॅडलवर बसवून डायलचे टोक टेबलाच्या पुढील कडेला लावावे आणि टेबलाचे टोक हाताने आपल्याकडे ओढावे, परत लोटावे. टेबल मधोमध असताना व दोन्ही टोकांना नेऊन, अशी तीनदा तपासणी करावी.

तीनदा कशासाठी? वाईस वर्षानुवर्षे टेबलाच्या मध्यावर बांधलेला असतो, टेबल तेवढ्याच टापूत फिरते आणि स्लाइड तेथेच झिजते. मध्यभागी जिब बरोबर बसवली की टोकाला टेबल अडकते. जोर लावून फिरवले तर स्क्रू आणि नटही जातात. म्हणून जिथे टेबल सर्वांत घट्ट चालते तिथे जिब बसवावी. मध्यभागी उरलेला प्ले ही झीज आहे, ती पान्याने भरून येत नाही.

जिब बसवण्यापूर्वी ती काढून केरोसीनने धुवावी, तेलाच्या नाल्या मोकळ्या कराव्यात. अनेकदा अर्धा दोष एवढ्यानेच जातो! निमुळती जिब असेल तर एका टोकाचा स्क्रू सैल करून दुसरा पाव पाव फेरा आवळावा. सरळ जिबेत लॉकनट कसल्यावर पुन्हा डायल पाहावे, कारण नट कसताना स्क्रू सरकतो. तेल स्लाइडवेचेच वापरावे. ग्रीसमध्ये बर चिकटते व ती कानशीप्रमाणे घासते.

जिब पूर्ण आत जाऊनही प्ले राहिला तर तिच्या न सरकणाऱ्या बाजूला अखंड लांबीची शिम द्यावी. तुकडे घातल्यास जिब वाकते. त्यानंतरचा उपाय म्हणजे ब्ल्यू लावून स्क्रॅपिंग. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. स्क्रॅपिंगने टेबल खाली बसते व लीड स्क्रूची सरळ रेषा बिघडते. टर्साइटची पट्टी चिकटवून ती उंची भरून काढता येते.

तोवर काम अडू नये. जो स्लाइड चालवायचा नाही तो लॉक करावा, आणि कटर जॉबला आपल्याकडे ओढील अशा दिशेने कट घेऊ नये.

नवे गिऱ्हाईक असाल तर इसार देण्यापूर्वी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच्या हाताने फिरवून पाहावे. मध्ये हलके आणि टोकाला जड लागले तर स्क्रॅपिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.