नातवंडांना घेऊन संग्रहालयात जाताना

सुट्टीतल्या सहलीचा बेत बहुतेक घरांत मधली पिढी आखते. तिला एकच दिवस मोकळा मिळालेला असतो, त्यामुळे त्या दिवसात जेवढं बसेल तेवढं ती बसवते. सात-आठ वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीतल्या आजीला मात्र कुणी फारसं विचारत नाही. आणि दिवस जड जातो तो नेमका याच दोघांना.

डोंबिवलीच्या माझ्या मावशीकडे एका दिवाळीच्या सुट्टीत हेच घडलं. सकाळी भायखळ्याची राणीची बाग, मग त्याच आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, संध्याकाळी दक्षिण मुंबईतलं आणखी एक ठिकाण, असा भरगच्च कार्यक्रम होता. बरोबर मुलगा, सून, दोन नातवंडं आणि काका. पेंग्विन बघून होईपर्यंत ऊन चढलं. शेवटच्या ठिकाणी पोचेस्तोवर धाकटी नात बापाच्या खांद्यावर झोपली होती आणि मावशीचे गुडघे बोलायला लागले होते. तिकिटं काढलेली असूनही ती आणि नात बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. काकांची मधुमेहाची दुपारची गोळी राहिल्याचं परतीच्या लोकलमध्ये ध्यानात आलं. निभावलं, पण सुनेचा चेहरा घरी येईपर्यंत उतरलेला होता.

त्या दिवसातली खरी हळहळ वाटते ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाबद्दल, कारण ते सगळ्यांनी धावतपळत पाहिलं. १८७२ साली लोकांसाठी खुली झालेली ही मुंबईतली सर्वांत जुनी संग्रहालयाची वास्तू. आत शहराचे जुने नकाशे आहेत आणि इथल्या लोकांचे, त्यांच्या पेहरावांचे नि धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. मुलांच्या डोळ्यांना सहज दिसतील असे. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी घारापुरी बेटाला ‘एलिफंटा’ म्हणायला सुरुवात केली ती याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते सांधून त्याला पुन्हा उभं केलं. ही गोष्ट हत्तीसमोर उभं राहून सांगितली, की मुलं सांधे शोधत त्याच्याभोवती फिरतात. त्या दिवशी मात्र सगळे हत्तीजवळून सरळ पुढे गेले.

तेव्हापासून मावशीच्या घरात एक पद्धत पडली आहे: एका दिवशी एकच ठिकाण, आणि त्या ठिकाणीही सगळं बघायचा हट्ट नाही. मला ही पद्धत मनापासून पटते. मोठ्या संग्रहालयातली प्रत्येक वस्तू बघायची म्हटली, तर मोठ्या माणसाचंही लक्ष तासाभरात विरतं. मुलांनी चार-पाच वस्तू निवडाव्यात, त्यांच्यासमोर हवा तितका वेळ उभं राहावं, आणि कंटाळा येण्याआधी बाहेर पडावं.

पुढच्याच मे महिन्यात ही मंडळी पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेली. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या आठवणीसाठी त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय केलं आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. संग्रहात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ घरातल्या, रोजच्या वापरातल्या: दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, स्वयंपाकाची भांडी.

इथे मावशीचा दिवस होता. वज्रींच्या कपाटाशी थोरला नातू थांबला. मोर, हत्ती अशा आकारांच्या त्या वस्तू त्याला खेळणी वाटल्या.

“आजी, हे कशाला गं?”

“अरे, टाच घासायला. आमच्या न्हाणीघरात होती की एक! तिचा खालचा भाग बघ कसा खरखरीत आहे.”

मावशीने हाताची मूठ करून पायाजवळ नेली आणि घासून दाखवलं. मग अडकित्त्यांशी आल्यावर सुपारी कशी धरायची, बोट कसं वाचवायचं, तिच्या आजोबांचा चंची सोडायचा थाट कसा असायचा, हे सगळं ओघाने आलं. शेजारचं एक अनोळखी कुटुंबही ऐकत थांबलं. काचेखालच्या पाटीवर वस्तूचं नाव असतं. ती हातात कशी धरायची, हे आजीला ठाऊक असतं. म्हणून नातवंडांना न्यायचं पहिलं संग्रहालय असं, घरगुती वस्तूंचं असावं, असं माझं ठाम मत आहे. तिथे आजी-आजोबांना मागे मागे चालावं लागत नाही.

इमारत मात्र जुन्या वळणाची आहे, वरच्या दालनांत जायला जिने चढावे लागतात. मावशी एक मजला चढली, पुढचं मुलांनी पाहून तिला येऊन सांगितलं. सांगताना त्यांना पुन्हा नीट आठवावं लागलं, हा त्यातला फायदाच.

जिन्यांची चौकशी आधीच करावी. घारापुरीला गेटवेहून बोटीने साधारण तासभर लागतो आणि धक्क्यावरून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. छोट्या गाडीने पायथ्यापर्यंत जाता येतं, पायऱ्यांसाठी डोलीवालेही मिळतात, पण उन्हात ती चढण सोपी नाही. शिवाय वाटेवर माकडं आहेत. खाऊची पिशवी मुलांच्या हातात देऊ नये. मोठ्यांचे गुडघे ठीक असतील तर मात्र सुमारे २० फुटी सदाशिवासमोर नातवंडांना उभं करायलाच हवं. फोटोत ती उंची येत नाही.

घरून निघताना पाणी, गोळ्यांची डबी आणि साधा खाऊ आजोबांच्याच पिशवीत असावा. गोळ्यांच्या वेळेचा गजर सुनेच्या किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये लावून ठेवावा. बसायला बाक आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे आत शिरतानाच विचारून घ्यावं.

आणि वार बघून निघा. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतात, घारापुरीची लेणी सोमवारी. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, आणि नेमक्या सणाच्या दिवसांतच हा घोळ होतो. वेळा बदलतही असतात. आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि तो फोन नातवंडांना करू द्या.