जास्त डिझेल म्हणजे जास्त ताकद काय?

ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली ह्या भागात पुष्कळ लोकांचे पोट डिझेलच्या इंजिनावर चालते. कोणी टेंपो चालवतो, कोणी ट्रक. कोणी गॅरेजात हाताखाली काम करतो. कोणी कारखान्यातला जनरेटर सांभाळतो. ह्या मंडळींत एक गोष्ट नेहमी ऐकू येते. गाडी ओढत नाही, कसारा घाटात किंवा माळशेज घाटात दम टाकते, अशी कोणी तक्रार केली, की दुसरा लगेच म्हणतो, "दादा, पंपाचं डिझेल वाढवून घ्या. मग बघा गाडी कशी पळते ती!"

हा सल्ला खरा की खोटा? त्यात खरे आहे, पण ते अर्धेच आहे. ह्या अर्ध्या गोष्टीपायी कित्येकांची इंजिने बसली आणि कर्जाचे हप्ते थकले. म्हणून बाकीचे अर्धे आम्ही ह्या पाठात सांगणार आहोत.

१. पंप काय काम करतो?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते. डिझेलच्या इंजिनात पिस्टन हवेला इतके दाबतो, की ती ५०० अंशांहून अधिक तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनियरने असे इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून तेलालाही डिझेल म्हणू लागले.

पण दाबलेल्या हवेत तेल शिरवणे सोपे नाही. त्यासाठी हवेपेक्षा कितीतरी जास्त दाब लागतो. हे काम पंप करतो. जर्मनीतील रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्याने १९२७ साली असे पंप विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. आपल्याकडील जुन्या ट्रकांवर ह्याच धर्तीचे पंप असत.

पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक बारीक दांडा असतो. त्याला प्लंजर म्हणतात. होळीच्या पिचकारीचा दट्ट्या जसा नळीत सरकतो, तसा तो नळीत वरखाली होतो. मात्र दोहोंमधली फट फारच बारीक असते. माणसाच्या केसाचे जाडीत वीस भाग केले, तर त्यातला एक भाग होईल इतकी. म्हणून धुळीचा कणही पंपाला बाधतो.

प्लंजर दर वेळी सारखाच वर जातो. मग डिझेल कमीजास्त कसे होते? प्लंजरला तिरकी खाच असते. रॅक नावाची दातेरी पट्टी सरकली, की प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो. त्यामुळे खाच लवकर किंवा उशिरा उघडते. लवकर उघडली तर उरलेले तेल मागे परत जाते. उशिरा उघडली तर जास्त तेल इंजिनात जाते. ही पट्टी किती सरकवायची, हे गव्हर्नर ठरवतो. बैलाला जशी वेसण, तसा इंजिनाला गव्हर्नर. पट्टी एका हद्दीपुढे जाऊ नये म्हणून तिला अटकाव करणारा स्क्रू असतो. तो बसवून त्यावर सील लावतात.

रस्त्यावरचा मिस्त्री "डिझेल वाढवतो" म्हणजे काय करतो? तो हे सील तोडतो आणि स्क्रू फिरवतो. पट्टी हद्दीपुढे जाते. फवाऱ्यात तेल जास्त पडते. काम अर्ध्या तासाचे.

२. हवेचा हिशोब

आता कागद-पेन्सिल घ्या. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८४० ग्रॅम भरते. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटरला बारा किलो हवा झाली. हवा हलकी असते. बारा किलो हवा म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घेतली, तर तिच्यातली एक तृतीयांशाहून जास्त हवा एका लिटर डिझेलला लागते.

हा हिशोबही कमीत कमी हवेचा झाला. प्रत्यक्षात तेलाच्या प्रत्येक थेंबाला हवा गाठायला वेळ फार थोडा असतो. म्हणून धूर होऊ नये, तर किलोमागे अठरा-वीस किलो हवा असावी लागते.

इंजिन हवा किती घेते? सिलिंडर जेवढा मोठा तेवढी. स्क्रू फिरवून सिलिंडर मोठा होत नाही. चुलीत लाकडे कोंबली आणि फुंकणीने वारा घातला नाही, तर काय होते, हे आपल्या आयाबहिणी चांगले जाणतात. जाळ होत नाही, घर धुराने भरते. इंजिनाचेही तसेच. हवा शिल्लक असेल तोवर जास्त तेलाने थोडी ताकद वाढते. हवा संपली की पुढच्या तेलाचा काळा धूर होतो.

३. कल्याणच्या इंजिनांचे उदाहरण

पंप बदलून ताकद वाढवणे मुळीच शक्य नाही, असे मात्र नाही. त्याचे चांगले उदाहरण आपल्या कल्याणलाच आहे. कल्याणच्या डिझेल शेडमध्ये रेल्वेची मोठी इंजिने सांभाळली गेली. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. त्यापूर्वी कोकणच्या गाड्यांना पुष्कळदा कल्याणची इंजिने जोडलेली असत.

ह्यांतले जुने इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. त्याचा आराखडा अमेरिकेतील अल्को कंपनीचा. ही इंजिने १९६२ पासून आपल्या देशात आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात होऊ लागली. त्याला सोळा सिलिंडर असतात, आणि प्रत्येक सिलिंडरचा पंप वेगळा असतो. ताकद २६०० अश्वशक्ती. पुढे ह्याच घडणीतून ३१०० अश्वशक्तीचे इंजिन तयार झाले. ते १९९४ साली रुळांवर आले. त्याला पुढे डब्ल्यूडीएम-३ए हे नाव मिळाले.

जुन्या पंपाच्या प्लंजरचा व्यास १५ मिलिमीटर होता. सुधारलेल्या इंजिनात १७ मिलिमीटरचा आला. दोनच मिलिमीटरचा फरक! पण हिशोब करून पाहा. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५. सतरा गुणिले सतरा म्हणजे २८९. म्हणजे प्लंजरचे तोंड शेकडा २८ ने मोठे झाले. ताकद मात्र २६०० वरून ३१०० झाली, म्हणजे शेकडा १९ ने वाढली. मग उरलेला फायदा कुठे गेला? मोठ्या प्लंजरमुळे तेल कमी वेळात आणि जास्त दाबाने आत जाते. पिस्टन वर आहे तोवरच ते जळून जाते. ताकदीबरोबर तेलाची बचतही साधते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. रेल्वेने नुसता पंप बदलला नाही. जास्त हवा मिळावी म्हणून नवा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. कोंबलेली हवा तापते आणि फुगते, म्हणून ती थंड करणारा कूलर मोठा केला. हवा आतबाहेर नीट खेळावी म्हणून कॅमशाफ्ट बदलला. वाढलेली उष्णता सोसावी म्हणून पोलादी टोपीचे पिस्टन घातले. दुरुस्त केलेले इंजिन शेडमधून बाहेर सोडण्यापूर्वी त्याच्यावर भार घालून ताकद मोजतात.

थोडक्यात, तेल वाढवायचे तर हवा वाढवावी लागते. हवा वाढली की उष्णता सोसणारे भाग लागतात. आणि शेवटी सगळे मोजून पाहावे लागते. मोठे इंजिनियर हे सगळे करतात, तेव्हा कुठे ताकद वाढते. अर्ध्या तासात स्क्रू फिरवून ती कशी वाढेल?

४. नुसता स्क्रू फिरवला तर?

पहिले काही दिवस गाडी खरेच जोरात वाटते. मालक खूष होतो. मग एकेक गोष्ट दिसू लागते.

जास्तीचे तेल उशिरापर्यंत जळत राहते. त्याने पिस्टनचे डोके आणि व्हॉल्व्ह तापतात. हेड गॅस्केट जाते. घाटात भरली गाडी चढताना पिस्टन लाइनरला धरतो आणि इंजिन बसते. न जळलेले डिझेल लाइनरवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. पातळ ऑइलाने बेअरिंग झिजतात. क्लच आणि गिअरबॉक्स ठरलेल्या ताकदीसाठीच बनवलेले असतात. त्यांच्यावरही ताण येतो.

खर्चाचा हिशोबही करू. समजा, एक टेंपो महिन्याला १५०० किलोमीटर चालतो. आधी तो लिटरला ६ किलोमीटर जात होता. त्याला २५० लिटर डिझेल लागे. आता तो ५ किलोमीटर जातो. त्याला ३०० लिटर लागेल. म्हणजे दर महिन्याला ५० लिटर तेल जास्त गेले. आजचा भाव घालून ह्याचे पैसे तुम्हीच काढा.

धुराचा विचारही केला पाहिजे. तो आपल्याच वस्तीत राहतो. शिळफाट्याला गाड्या खोळंबतात, तेव्हा तो चालकाच्या, हमालाच्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत नोंदीविरुद्ध बदल करता येत नाही. धुराच्या तपासणीत गाडी नापास झाली तर प्रमाणपत्र मिळत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांत तेलाचा हिशोब कॉम्प्युटर करतो. तिथे स्क्रू नसतो, म्हणून काही जण कॉम्प्युटरमधला हिशोबच बदलून देतात. पण हवेचा नियम तिथेही तोच आहे. उलट अशा गाडीत काजळी अडवणारी जाळी असते. ती तुंबते आणि खर्च फार येतो.

५. गाडी ओढत नाही, तर आधी काय पाहावे?

पुष्कळदा गाडीची ताकद कमी नसते, हरवलेली असते. ती परत मिळवावी.

एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, पाहा. डिझेल फिल्टर वेळेवर बदला. टर्बोचा पाइप कुठे फाटला आहे का, ते तपासा. नोझलचा फवारा बारीक पडतो की थेंब गळतात, हे मशीनवर पाहून घ्या. व्हॉल्व्हची फट आणि पंपाचे टायमिंग बरोबर आहे का, ते बघून घ्या. ब्रेक धरून राहत नाही ना, चाकांत हवा पुरी आहे ना, हेही पाहा. आणि भार? गाडीच्या पासिंगपेक्षा जास्त माल भरला असेल, तर दोष पंपाचा नव्हे.

ह्यानंतरही पंपावर संशय असेल तर तो कॅलिब्रेशनच्या बाकावर न्यावा. तिथे पंप फिरवून प्रत्येक सिलिंडरचे तेल काचेच्या नळ्यांत मोजतात. सगळ्या नळ्यांत तेल सारखे आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरले पाहिजे. काम झाल्यावर नवे सील लावून घ्यावे आणि मोजमापाचा कागद मागून घ्यावा. आता तुम्हाला वाचता येते. "मिस्त्री, तक्त्यात किती लिहिलंय आणि नळीत किती आलं, ते दाखवा," असे नम्रपणे विचारायला संकोच करू नका.

६. हात जपा

गॅरेजात काम करणाऱ्या मुलांसाठी हे मुद्दाम लिहितो. मोटारीच्या चाकात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब असतो. जुन्या इंजिनाच्या नोझलवर तो २०० किलोच्या आसपास असतो. नव्या गाड्यांत दीड हजाराच्याही वर जातो. ह्या फवाऱ्यापुढे बोट धरले तर डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही. पण आतले मांस मरू लागते आणि बोट कापावे लागते. म्हणून गळती हाताने कधी शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तेल आत गेलेच, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचे डिझेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नवे शब्द

प्लंजर – पंपात वरखाली होणारा दांडा
रॅक – प्लंजर फिरवणारी दातेरी पट्टी
गव्हर्नर – इंजिनाचा वेग आवरणारा भाग
टर्बो – इंजिनात हवा कोंबणारा पंखा
कॅलिब्रेशन – पंपाचे तेल मोजून बरोबर करणे

प्रश्न

१. हवा कमी आणि डिझेल जास्त झाले तर काय होते?
२. रेल्वेने पंपाबरोबर आणखी कोणते भाग बदलले?
३. एक टेंपो महिन्याला १८०० किलोमीटर चालतो. लिटरला ६ ऐवजी ५ किलोमीटर जाऊ लागला, तर किती लिटर डिझेल जास्त लागेल?
४. तुमच्या ओळखीच्या चालकाला हा पाठ मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याचे मत विचारा.