मोठ्या आतड्यातील अनेक पॉलिप : एकाचा आजार, साऱ्या घराची तपासणी

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे निदान ठरलेलेच असते : मूळव्याध. मग झाडपाला, ताक आणि पथ्य यांत महिने निघून जातात. पुष्कळदा ती मूळव्याध असतेही. परंतु काही वेळा रक्त मोठ्या आतड्यातील पॉलिपमधून आलेले असते. म्हणून या वेळी आम्ही पॉलिपविषयी लिहीत आहोत.

पॉलिप म्हणजे काय? आपले मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्याच्या आतील अस्तरावर अळंबीसारखी उगवणारी मांसल गाठ म्हणजे पॉलिप. तो सहसा दुखत नाही. उतारवयात एखाददुसरा पॉलिप अनेकांना असतो. मात्र ‘अ‍ॅडिनोमा’ जातीच्या काही पॉलिपांचे बऱ्याच वर्षांनी कर्करोगात रूपांतर होते.

निदान कसे करतात? कोलोनोस्कोपीने. आदल्या दिवशी पातळ आहार आणि जुलाबाचे औषध देऊन आतडे स्वच्छ करतात. मग लवचीक दुर्बीण गुदद्वारातून आत घालून पाहतात. सापडलेला पॉलिप बहुधा त्याच वेळी तारेच्या फासाने काढून तपासणीस पाठवतात.

पॉलिप अनेक असतील तर? दहाहून अधिक अ‍ॅडिनोमा आढळले तर आनुवंशिक आजाराची शंका घ्यावी. त्यांतील मुख्य आजार ‘एफ.ए.पी.’ यात वयात येतानाच शेकडो पॉलिप उगवू लागतात. उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. याचे कारण एपीसी या जनुकातील दोष. हा जनुक १९९१ साली सापडला.

चार तणे खुरपून काढता येतात. सारे शेतच तणाने भरले तर खुरपे पुरत नाही. येथेही तसेच आहे. पॉलिप फार झाले की शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढावे लागते. लहान आतडे गुदाशयाला जोडतात. किंवा गुदाशयही काढून लहान आतड्याचीच पिशवी तयार करतात. त्यामुळे बहुतेकांना नेहमीच्या मार्गाने शौचास जाता येते, मात्र अधिक वेळा जावे लागते. पुढेही उरलेल्या भागाची आणि जठरापुढील आतड्याची दुर्बिणीने नियमित तपासणी आवश्यक असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एफ.ए.पी. असलेल्या आईच्या वा वडिलांच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, हा दोष येण्याची शक्यता निम्मी असते. रुग्णाच्या जनुकातील दोष सापडला की भावंडांची व मुलांची रक्ततपासणी करता येते. ज्याच्यात तो दोष नाही, त्याची या आजाराच्या भीतीतून सुटका होते. ज्याच्यात आहे, त्याची दुर्बिणीची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू करतात.

मुलीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, या भीतीने घरचा आजार लपवला जातो, हे आम्ही जाणतो. पण लपवल्याने दोष जात नाही. केवळ वेळ जातो. घरात कोणी तरुणपणी आतड्याच्या कर्करोगाने गेले असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. आणि रक्त पडत असेल, तर मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. आधी तपासून घ्या.